शेऱ्याचा रकाना

सूर्यभान बेलसरे यांनी आपल्या सर्व्हरचे चार भाग केले तेव्हा त्यांचा हेतू अत्यंत शुद्ध होता. अमरावतीच्या राजापेठेत, घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एवढं मोठं यंत्र एसीची हवा खात बसलंय आणि त्यावर काम मात्र एकाच गिऱ्हाइकाचं, हे त्यांच्या माळी रक्ताला पटत नव्हतं. त्यांच्या घराण्यात गव्हाच्या धुऱ्यावर मोहरी आणि मोहरीच्या पायाशी मुळा लावल्याशिवाय जमीन वापरली असं कोणी मानलं नव्हतं. तेव्हा यंत्र पडीक ठेवणं म्हणजे पूर्वजांचा अपमानच.

"हे पाह्य," त्यांनी पत्नीला, म्हणजे कौशल्याबाईंना समजावून सांगितलं, "यंत्र एकच, पण आतून त्याचे चार भाग. एकाचं सामान दुसऱ्याले दिसत नाही. ज्या दिवशी ज्याले गरज, त्या दिवशी त्याले जास्त ताकद द्यायची, बाकीच्याईनं तेवढा वेळ कमीत भागवायचं. आन् कोणाले किती, कोणाले काय दाखवायचं, ही सगळी मांडणी एका नावानं जपून ठेवायची. तिले प्रोफाइल म्हणतात. नाव निवडलं, बटण दाबलं, की यंत्र त्या मांडणीवर येते."

कौशल्याबाई कोथिंबीर निवडत होत्या. "म्हणजे ओलित," त्या म्हणाल्या.

"ओलित नाही. पार्टिशनिंग."

"चार वाफे. दांडाचं पाणी एकच. या वाफ्याचं तोंड बांधलं, त्या वाफ्याचं फोडलं. कोणत्या दिवशी कोणतं फोडायचं ते कागदावर लिहून ठेवलं. हेच ना?"

सूर्यभानरावांना हे फार लागलं. तीन आठवडे इंग्रजी पुस्तिका वाचून आणि पुण्याला पाच फोन करून त्यांना जे उमगलं होतं, ते या बाईने कोथिंबिरीच्या एका जुडीत संपवलं. आणि दुःख असं की त्यात चूक काढता येत नव्हती.

गिऱ्हाइकं तीन होती. पहिल्या दीपमाला मॅडम. त्यांचे स्पर्धा परीक्षांचे क्लास पलीकडच्याच गल्लीत होते. रविवारी सकाळी नऊ ते अकरा तीनशे मुलं एकदम सराव परीक्षेला बसत आणि त्या दोन तासांत यंत्राची तीन चतुर्थांश ताकद एकट्या मॅडमना लागे. दुसरा अकोल्याकडचा भाजी आणि फूल उत्पादकांचा गट. त्याचे अध्यक्ष शेषराव उंबरकर. गटातले शेतकरी रोज दुपारी उद्याच्या मालाची माहिती मोबाइलवरून भरत आणि व्यापारी ती पाहत. तिसरं गिऱ्हाईक अकोल्याच्याच जठारपेठेतल्या शकुनताईंचं वधू-वर मंडळ. यंत्राचा चौथा भाग सूर्यभानरावांनी स्वतःकडे ठेवला होता. त्यात काय आहे असं कोणी विचारलं की ते "राखीव" म्हणत, आणि विचारणारा आदराने गप्प बसे.

आता इथे एका गोष्टीची नोंद करायला हवी. भाजीगटाचा फॉर्म आणि वधू-वर मंडळाचा फॉर्म हे सूर्यभानरावांनी एकाच साच्यातून काढले होते. काटकसर हा काही गुन्हा नव्हे. दोन्हीकडे रकाने आठच. भाजीकडे मालाचं नाव, उत्पादक, शिवार, तोडणीची तारीख, प्रत, रंग, अपेक्षित भाव आणि शेरा. मंडळाकडे त्याच जागी उमेदवाराचं नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख, शिक्षण, वर्ण, अपेक्षा आणि खाजगी टीप. मथळे कोणते दाखवायचे आणि कोणता रकाना झाकून ठेवायचा, हे ज्या त्या प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असे.

भाजीवाल्यांचा शेरा उघडा असायचा. शेतकरी बाकी रकान्यांत कितीही फुशारकी मारो, शेऱ्यात खरं लिहितो, कारण माल शेवटी गिऱ्हाइकाच्या हातात पडायचाच असतो. "वरची टोपली उत्तम, खालची जराशी दबलेली." "वांगे चमकदार, पण थोडे बियावर आले." मंडळाची खाजगी टीप मात्र झाकलेली. ती उमेदवाराने लिहायची, फक्त शकुनताईंनी वाचायची आणि पोटात ठेवायची.

शेजारधर्माचाही इथे उल्लेख केला पाहिजे. खालच्या मजल्यावरच्या दुर्गाबाईंनी पहिल्या दिवशी यंत्राच्या दाराला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. ती बांधली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एसीच्या गच्चीत बसवलेल्या पेटीतून निघणारी गरम हवा हातावर घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "एवढी वाफ फुकट जाऊन राहिली, भाऊ." तिसऱ्या दिवसापासून त्या पेटीसमोर खाटेवर त्यांच्या मूगवड्या वाळू लागल्या. सूर्यभानरावांनी विरोध केला नाही, कारण वाटीभर वड्या वरही येत.

खरी अडचण परवान्याची. व्यवसायाचा परवाना काढायला ते एका कचेरीत गेले, तर अर्जात व्यवसायाचे सत्तर प्रकार छापलेले आणि त्यात सर्व्हर नाही. खिडकीतल्या बाबूने सहानुभूतीने विचारलं, "तिथे नेमकं काय होते?"

"लोकांचं सामान सांभाळतो. चोवीस तास थंड ठेवावं लागते."

"मग शीतगृह लिहा. लघु."

सूर्यभानराव म्हणाले की हे बरोबर होणार नाही. बाबू म्हणाला की मग 'पिठाची गिरणी' आणि 'मंगल कार्यालय' एवढेच जवळचे पर्याय उरतात. सूर्यभानरावांनी शीतगृहावर सही केली.

शकुनताईंच्या मेळाव्याआधीच्या शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमाराला, या शीतगृहाची तपासणी आली.

त्या वेळी सूर्यभानराव यंत्रासमोर बसून मोठ्या नाजूक कामात होते. रविवारी जठारपेठेतल्या एका सभागृहात शकुनताईंचा परिचय मेळावा होता. एकेका उमेदवाराची माहिती व्यासपीठामागच्या मोठ्या पडद्यावर यायची होती. म्हणजे अकरापर्यंत यंत्र दीपमाला मॅडमचं आणि साडेअकरापासून शकुनताईंचं. त्यासाठी 'मेळावा' नावाची प्रोफाइल त्यांनी आठवडाभर खपून तयार केली होती, आणि आता ती एकदा चालवून पाहायची होती. यंत्रावर त्या घडीला रोजची 'भाजी' चालू होती. त्यांनी यादीतून 'मेळावा' हे नाव निवडलं. खाली दोन बटणं होती, लोड आणि सेव्ह. एकाच आकाराची, एकाच हिरव्या रंगाची, जुळ्या बहिणींसारखी एकमेकींना खेटून बसलेली.

"शीतगृह हेच का?" दारातून तपासनीस म्हणाले.

"हो. म्हणजे नाही. म्हणजे कागदोपत्री हो," सूर्यभानराव म्हणाले, आणि हात माऊसवर ठेवूनच वळले.

"साठवण क्षमता?"

"चार टीबी."

तपासनिसांची लेखणी थांबली. "टीबी असेल तर आरोग्य खात्याचा दाखला लागेल."

इथे टीबी म्हणजे टेराबाइट, यंत्रातल्या जागेचं माप, हे सूर्यभानरावांनी समजावलं. तपासनिसांनी ऐकून घेतलं आणि माल दाखवा म्हणाले. माल आत आहे, सूर्यभानराव म्हणाले. दिसत नाही, तपासनीस म्हणाले. दिसणारच नाही, सूर्यभानराव म्हणाले, आणि याच वाक्यावर त्यांच्या बोटाने बटण दाबलं. पडद्यावर "झाले" असं उमटलं. एवढ्या गडबडीत काहीतरी झालं याचंच त्यांना समाधान वाटलं, आणि ते तपासनिसांना घेऊन बाहेर आले. तपासनिसांनी गच्चीत फेरी मारली, खाटेपाशी थांबले आणि अहवालात लिहिलं: "तपासणीवेळी आढळलेला माल: मूगवड्या, अंदाजे चार किलो. साठवण उघड्यावर." सूर्यभानरावांना सही करावी लागली. माणसाची एकदा शोभा व्हायला लागली की ती सहीशिवाय पूर्ण होत नाही.

रविवारी ते सकाळी सातच्या एसटीने अकोल्याला निघाले. तसं पाहिलं तर जायची गरज नव्हती. पण शकुनताईंनी "तांत्रिक सहकार्याबद्दल" त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला होता. यंत्राचा पालट मोबाइलवरूनही करता आला असता, पण शाल स्वीकारताना हातात मोबाइल बरा दिसत नाही. म्हणून ते काम कौशल्याबाईंकडे आलं. निघताना त्यांनी वळणदार अक्षरात कागद लिहून दिला: "पावणेनऊ वाजता: परीक्षा निवडणे, लोड दाबणे. सव्वाअकरा वाजता: मेळावा निवडणे, लोड दाबणे. इतर कशालाही हात लावू नये." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

"दोन रेघा काहून?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"महत्त्वाचं आहे म्हणून."

कौशल्याबाईंनी कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला.

परीक्षा व्यवस्थित पार पडली. अकरा वाजून पाच मिनिटांनी दीपमाला मॅडमचा "उत्तम" एवढाच निरोप आला, आणि सूर्यभानराव सभागृहात पहिल्या रांगेत पाय जरा पुढे सोडून बसले. हॉल गच्च होता. बहुतेक सगळी माळी समाजाची, मळेवाली माणसं. त्यांच्या शेजारी शेषराव उंबरकर बसले होते. भाजीगटाचे अध्यक्ष आज मुलीचे वडील म्हणून आले होते. त्यांची रागिणी मागच्या बाजूला, मुलींच्या रांगेत होती.

"पोट्टी एम.एस्सी. झाली," शेषराव म्हणाले. "मी सोता चाळीस वर्षं वावरात हाये, म्हणून सांगतो. शेतकऱ्याले देणार नाही. नोकरदार पाह्यजे, शहरात घर पाह्यजे." हे त्यांनी सूर्यभानरावांना सांगितलं, तरी मागच्या पाच रांगांना ऐकू गेलं. त्या रांगांत शेतकरी मुलं बसली होती. ती खाली पाहू लागली. अशी मुलं प्रत्येक मेळाव्याला येतात, नवा शर्ट घालून. त्यांना याची सवय आहे, पण सवय झाली म्हणून गोष्ट बरी वाटते असं नाही.

शकुनताई हातात छापील यादी घेऊन व्यासपीठावर उभ्या राहिल्या. तोंड लोकांकडे, पाठ पडद्याकडे. "पहिला उमेदवार," त्या म्हणाल्या, "चिरंजीव अमोल. शिक्षण कृषी पदविका. एका नामांकित अ‍ॅग्रो कंपनीत व्यवस्थापक."

मागे पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं:

माल: अमोल. उत्पादक: वासुदेव ढोकणे. शिवार: पातूर रोड. तोडणीची तारीख: ३ ऑक्टोबर १९९७. प्रत: कृषी पदविका. रंग: सावळा. अपेक्षित भाव: समजूतदार असावी. शेरा: अ‍ॅग्रो कंपनी असं लिहायला शकुनताईंनी सांगितलं. कंपनी वगैरे नाही. अडीच एकरात शेवंती लावतो.

हॉलमध्ये आधी कोणीच हसलं नाही. भाजीवाल्या माणसांनी तो मजकूर रोजच्या सवयीने वाचला, रोजच्या सवयीने मान डोलावली आणि मग त्यांच्या लक्षात आलं. कोपऱ्यातून हसू फुटलं आणि सगळीकडे पसरलं.

"शांतता राखा," शकुनताई म्हणाल्या. "व्यवस्थापक होणं ही काय हसायची गोष्ट हाये?"

हसू वाढलं.  सूर्यभानरावांनी रांगेतच मान खाली घालून घरी फोन लावला.

"काय दाबलं तू?"

"मेळावा निवडलं, लोड दाबलं," कौशल्याबाई म्हणाल्या. "काहून?"

"पुन्हा दाब."

"दाबलं."

पडद्यावरचा अमोल क्षणभर गेला आणि होता तसाच, शेवंतीसकट, परत आला.

"अवं, इथे माणसांना भाजीचे मथळे लागले. शेरा उघडा पडला. तू नक्की काहीतरी दुसरं दाबलं असशील."

"कागदावर जे हाये तेच केलं. दोन रेघा होत्या ना," कौशल्याबाई म्हणाल्या. "थांबा, मी पाहते."

"पाहू नको. हात लावू नको," असं ते म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता, आणि शकुनताईंनी पुढचं नाव घेतलं होतं. पडदा मंडळाच्या एका उत्साही कार्यकर्त्याच्या हाती होता. तो नाव ऐकलं की पुढचं पान लावायचा. त्याने लावलं.

माल: रागिणी. उत्पादक: शेषराव उंबरकर. शिवार: अकोट रोड. तोडणीची तारीख: १४ जून १९९९. प्रत: एम.एस्सी. उद्यानविद्या. रंग: गव्हाळ. अपेक्षित भाव: नोकरदार, शहरात स्वतःचे घर. शेरा: अपेक्षेचा रकाना बाबांनी भरला आहे. मला शेतकरी चालेल. माती मात्र मी स्वतः तपासून घेईन.

या वेळी कोणीही हसलं नाही. मागच्या पाच रांगांतली मुलं पडदा वाचत होती. एकाने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. शेजाऱ्याने त्याचा हात धरून ठेवला. पंखे फिरत असल्याचं पहिल्यांदाच ऐकू आलं.

एवढ्या शांततेने शकुनताई घाबरल्या आणि वळल्या. त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्या व्यासपीठावरून वाकल्या आणि माइक सूर्यभानरावांच्या हातात दिला. "सांगा आता तुमीच," त्या म्हणाल्या.

चारशे माणसांसमोर माइक हातात आल्यावर माणसाच्या मनात जे पहिलं येतं ते बहुधा बोलू नये. सूर्यभानराव बोलले. "बंधू आणि भगिनींनो, आमच्या बाजूने यंत्रणा निर्दोष होती. परंतु घरी आमच्या सौभाग्यवतींच्या हातून काहीतरी चुकीचं बटण दाबल्या गेलं. बायकांना यातलं..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, कारण हॉलमधल्या अर्ध्या माना एकदम वर झाल्या आणि त्या अर्ध्या बायकांच्या होत्या. पहिल्या रांगेतल्या मनकर्णाबाई, म्हणजे शकुनताईंच्या सासूबाई, काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "यंत्र कोठी हाये, भाऊ?"

"अमरावतीले."

"आन् तुमी?"

"मी इथे."

"कायच्यासाठी?"

सूर्यभानरावांनी आजूबाजूला पाहिलं. टेबलावर शाल होती, तिच्यावर नारळ.  माइक टेबलावर ठेवून ते खाली बसले, आणि बसताना त्यांना दिसलं की शेषराव उठले आहेत.

शेषराव उंबरकर हा सहा फूट उंचीचा, पोतं एका हाताने पाठीवर घेणारा माणूस. ते समोर येऊन उभे राहिले तेव्हा सूर्यभानरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चष्मा नवा होता.

"बेलसरे," शेषराव हळू म्हणाले, "हे पुसता येते काय?"

"येते. लगेच येते."

शेषरावांनी पडद्याकडे पाहिलं. पुन्हा सगळं वाचलं, ओठ हलवत. मुलींच्या रांगेतून रागिणी उठून त्यांच्यापाशी आली होती. तिचा चेहरा उतरला होता.

"बाबा, मी घरी सांगणार होती," ती म्हणाली. "तुमी ऐकून घेत नव्हते. म्हणून तिथे लिहिलं. ते कोणाले दिसणार नव्हतं."

"माती तपासून घेशील म्हणते."

"हो."

"आमची तपासली होती का कधी?"

"दोनदा. पालाश चांगला आहे. तुम्हाला सांगितलं होतं, तुमी लक्ष दिलं नाही."

 शेषराव सूर्यभानरावांकडे वळून म्हणाले, "चाळीस वर्षं मी मालाचा शेरा वाचून राहिलो. बाकी रकान्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. राहू द्या ते." आणि ते आपल्या खुर्चीवर न जाता मुलीबरोबर मागे, तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. ती रांग मुलींची होती, पण त्यांना उठवायला कोणी गेलं नाही.

तेवढ्यात पडदा एकदा मिटमिटला. शेऱ्याचा रकाना नाहीसा झाला. 'माल' गेलं, 'नाव' आलं. 'उत्पादक' गेलं, 'वडिलांचे नाव' आलं. सूर्यभानरावांच्या मोबाइलवर घरून निरोप आला: "केलं. बाकी घरी या मग बोलू."

मेळावा पुढे रीतसर झाला, म्हणजे जितका रीतसर होऊ शकत होता तितका. जेवणाच्या वेळी नऊ-दहा उमेदवार शकुनताईंभोवती जमले. आपली खाजगी टीप आपणच माइकवर वाचून दाखवतो म्हणाले. शकुनताईंनी आधी डोक्याला हात लावला, मग माइक दिला. अमोल ढोकण्याने सगळ्यात आधी वाचली आणि "अडीच नाही, पावणेतीन एकर आहे" अशी दुरुस्तीही केली. सूर्यभानरावांचा सत्कार राहून गेला. निघताना कार्यकर्त्याने शाल आणि नारळ एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या हातात दिलं. "तुमची पिशवी राहिली होती," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूरच्या अलीकडेच त्यांच्या मोबाइलवर चित्रफीत आली. "बायकांना यातलं" इथपर्यंत आवाज अगदी स्वच्छ होता. पाठवणाऱ्या दुर्गाबाई होत्या. म्हणजे घरी पोचली हे उघड होतं. पुढचा सगळा रस्ता त्यांनी शुक्रवार आठवण्यात घालवला. तपासनीस, टीबी, मूगवड्या सगळं आठवलं. बोट कोणत्या बटणावर होतं तेवढं आठवेना. बडनेऱ्याला तेही आठवलं.

ऊन कलताना ते घरी पोचले. कौशल्याबाई यंत्रासमोर खुर्चीवर बसल्या होत्या. सूर्यभानराव स्टुलावर बसले.

"शुक्रवार, चार वाजून अकरा मिनिटं," कौशल्याबाई पडद्यावरची नोंद वाचत म्हणाल्या. "भाजी चालू असताना मेळाव्याच्या नावावर सेव्ह. म्हणजे मेळाव्याच्या कागदावर भाजीची मांडणी गिरवली गेली. वापरणारा: सूर्यभान." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर सूर्यभानरावांना सोपं गेलं असतं. "शेरा झाकला. मथळे हातानं बदलले. मेळावा पुन्हा नीट बांधून ठेवला. सेव्हचं बटण आता दोनदा विचारते."

"हे तुले कसं जमलं?"

"पुस्तिका वाचली. तुमी दुपारी झोपता तवा."

सूर्यभानरावांनी पिशवी खाली ठेवली. घसा साफ केला. मग ते म्हणाले की सगळ्या सभासदांना लेखी निरोप पाठवला पाहिजे, धंद्याची ती रीत आहे. कौशल्याबाईंनी खुर्ची दिली. सूर्यभानरावांनी एका एका अक्षरावर बोट ठेवत टंकलं: "आजच्या मेळाव्यात तांत्रिक कारणामुळे खाजगी मजकूर उघड झाला. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

कौशल्याबाईंनी मागून वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"तांत्रिक कारणाचं नाव काय हाये?" त्यांनी विचारलं.

खोलीत एसीची घरघर होती. खाली दुर्गाबाई कोणाला तरी मूगवड्या मोजून देत होत्या. सूर्यभानरावांनी 'तांत्रिक कारणामुळे' हे दोन शब्द पुसले. त्या जागी लिहिलं, "माझ्या हातून". थांबले. 'आम्ही' पुसून 'मी' केलं आणि 'आहोत'चं 'आहे'. आणखी थांबले. मग खाली एक ओळ जोडली: "माझ्या पत्नीने चुकीचे बटण दाबले असे मी सभेत बोललो, ते खोटे होते. चूक तिनेच दुरुस्त केली. सूर्यभान बेलसरे."

त्यांनी मागे वळून पाहिलं. कौशल्याबाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. सूर्यभानरावांनी निरोप पाठवला. चारशे बारा माणसांना तो एकदम गेला.

पहिलं उत्तर शेषरावांचं आलं. "पुढच्या रविवारी पातूर रोडला जाऊन राहिलो. पोट्टी सोबत आहे, माती आणायच्या पिशव्या घेऊन. शेवंती पाहू. भाजीच्या प्रोफाइलमध्ये काही बिघाड तर नाही ना, तेवढं पाहून ठेवा."

सूर्यभानराव ते पाहायला म्हणून माऊसकडे हात नेऊ लागले. मग हात मागे घेतला, खुर्चीवरून उठले आणि खुर्ची कौशल्याबाईंकडे वळवली.

"तू पाह्य," ते म्हणाले. "मी चहा ठेवतो."